भिंगरीचा आजार : निदान नसलेल्या महिन्यांची नोंद

रुग्ण : भिंगरी. गावठी कुत्री, मादी, वय अंदाजे ४ वर्षे, वजन १८ किलो. नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी दिलेल्या. राहणार सातारा. तक्रार : मधूनच खाणं सोडते, उलट्या होतात, निपचित पडून राहते. सलाईन लावलं की दोन दिवसांत पूर्ण बरी. काही आठवडे उत्तम, मग पुन्हा तेच.

प्रत्येक नव्या डॉक्टरांच्या टेबलापुढे आम्ही हेच सांगत आलो. यातलं एकही लक्षण वेगळं नाही. उलटी, जुलाब आणि मरगळ शिळंपाकं खाल्लेल्या कुत्र्यालाही येते आणि किडनी निकामी होत चाललेल्या कुत्र्यालाही. भिंगरीच्या बाबतीत वेगळं होतं ते आजाराचं येणं आणि जाणं, आणि ते एका भेटीत दिसत नाही.

शेवटी निदान झालं. पण ते होईपर्यंत आषाढ गेला, गणपती गेले, दिवाळी गेली आणि मार्गशीर्ष निम्मा संपला. त्या काळात घर कसं चालतं, कोण काय सांगतं, रिपोर्टमधलं काय खरं मानायचं आणि काय नाही, यावर मराठीत मला फारसं काही वाचायला मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमच्या घरात आजी, आई, बाबा आणि मी. बाबा एसटीच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले. त्यांची हिशेबाची सवय या प्रकरणात औषधाइतकीच उपयोगी पडली.

पोट, मग गोचीड, मग किडनी

आषाढातला पहिला झटका कुणीही पोटावर घातला असता. पावसाळ्यात रस्त्याकडेला काहीबाही पडलेलं असतं, कुत्री तोंड घालतात. उलटी थांबायचं इंजेक्शन, आम्लपित्ताचं इंजेक्शन, सलाईन. दुसऱ्या दिवशी भिंगरी अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर माझ्या पुढे पळत होती. आम्ही तो दिवस विसरूनही गेलो.

गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तिनं उकडलेल्या अंड्याकडेही पाहिलं नाही. उलट्या, पातळ शी, आणि मागचे पाय थरथरत होते. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ती थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी ताप पाहिला तर तो नव्हताच, उलट अंग थोडं थंड : ९९.६ फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ असतं. रक्त घेतलं, गोचीड तापाची कार्डावरची तपासणी केली, आणि एर्लिकियाची रेघ उमटली.

इथे थांबून थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे असंख्य कुत्र्यांची गोष्ट याच रेघेपाशी वळण घेते. तपकिरी गोचिडातून एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन्ही रोग कुत्र्याला होतात. महाराष्ट्राच्या हवेत गोचीड वर्षभर टिकतात, आणि वेळेत औषध दिलं नाही तर हे रोग जीव घेतात. त्यामुळे डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स लगेच सुरू केला यात काहीच गैर नव्हतं. मात्र कार्डावरची ती रेघ रक्तातल्या जंतूची नसते. ती जंतूविरुद्ध शरीरानं कधीतरी तयार केलेल्या प्रतिपिंडांची असते. एकदा संसर्ग होऊन गेला की ही प्रतिपिंडं कित्येक महिने, कधीकधी वर्षानुवर्षं रक्तात सापडतात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर जन्मलेल्या आमच्या भिंगरीला लहानपणी गोचीड चावले नसते तरच नवल. रेघ सांगत होती की हिची आणि एर्लिकियाची कधीतरी गाठ पडली आहे. आज ती कशानं आजारी आहे, हे त्या रेघेला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एर्लिकियात प्लेटलेट्स सहसा घसरतात. तिच्या व्यवस्थित होत्या.

त्या दिवशी तिला सलाईन मिळालं, डॉक्सिसायक्लिन मिळालं आणि सोबत स्टेरॉइडचं एक इंजेक्शन मिळालं. संध्याकाळी ती उठून शेपटी हलवत दारात आली. सगळ्यांची खात्री पटली की गोचीड तापच होता. औषध दिलं, गुण आला, आणखी काय पुरावा हवा?

गोळ्यांचा कोर्स संपून थोडेच दिवस झाले होते, तेवढ्यात दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री भिंगरी पलंगाखाली होती, आणि पाडव्याला तिनं पाणीसुद्धा टाकलं. या वेळी रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की साठणारं द्रव्य, ३.१ आलं. युरियाही वाढलेला, लघवी पातळ. चित्र किडनीचं होतं, आणि तो शब्द ऐकून आईनं टेबलाची कड धरली. किडनीचं खाणं लिहून मिळालं, प्रथिनं कमी करायला सांगितली, सलाईन चालू झालं. तिसऱ्या दिवशीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ होतं.

जुनाट खराब झालेली किडनी दोन दिवसांच्या सलाईननं अशी पूर्ववत होत नाही. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरून सरळ सांगितलं, "हे मला जुळत नाही." त्या वाक्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. नाव सांगून मोकळं होणं त्यांना सोपं होतं.

त्याच रिपोर्टात पोटॅशियमही वाढलेलं होतं. पण नमुना बसनं पुण्याला गेला होता आणि पोचेपर्यंत त्यातल्या लाल पेशी फुटल्या होत्या. पेशी फुटलेल्या रक्तात काही आकडे खोटे वर जातात, पोटॅशियमचा आकडाही त्यामुळे भरवशाचा राहत नाही. प्रयोगशाळेनं तसा शेरा मारला होता. शेरा रास्त होता, आकडा बाजूला ठेवला गेला, आणि पुन्हा रक्त काढायची वेळ आली तोवर भिंगरी ठणठणीत होती.

न कळण्याचा काळ

दिवाळीनंतरचे आठवडे सर्वांत कठीण गेले, आणि गंमत अशी की त्यातले बहुतेक दिवस ती बरी होती. आजारी कुत्र्याची सेवा करता येते. बऱ्या कुत्र्याकडे बघत बसायचं, तिनं वाटी चाटून पुसली की मोजायचं आणि एखादा घास ठेवला की छातीत धस्स व्हायचं, हे जास्त थकवतं. रात्री तिच्या पोटात गुडगुडलं तरी मी उठून दिवा लावायचे. आई आणि बाबा बाहेरगावी जायचं तर आलटूनपालटून जायला लागले.

घरात खटके उडाले. आईला वाटायचं, घरचा मऊ दूधभात सोडून हे पिशवीतलं किडनीचं खाणं कशाला. बाबा म्हणायचे, डॉक्टर बदलूया. मी म्हणायची, दर वेळी नवा डॉक्टर पहिल्या पानापासून सुरू करतो, मग महिनाभराचं कळलेलं वाया जातं. शेवटी असं ठरलं की डॉक्टर तेच ठेवायचे आणि त्यांनाच विचारून दुसरं मत घ्यायचं. त्यांनी राग मानला नाही, उलट सगळे रिपोर्ट एकत्र करून स्वतः टिपण लिहून दिलं. दुसरं मत आणि डॉक्टर बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

सल्ले भरपूर आले. कुणी हळद-तूप सांगितलं, कुणी लसूण. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, तेव्हा तो सल्ला ऐकूनच सोडून दिला. शेजारच्या काकांनी आपुलकीनं त्यांची अंगदुखीची गोळी पुढे केली. त्यात आयबुप्रोफेन होतं, आणि ते कुत्र्याच्या जठराला नि किडनीला घातक ठरतं. आजीनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. ती काढू दिली, कारण त्यात भिंगरीच्या पोटात काही जात नव्हतं आणि आजीला रात्री झोप लागत होती.

आणि एका नातेवाइकांनी, आवाज खाली करून, "आता झोपवून टाका, तिचेही हाल आणि तुमचेही" असं सांगितलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला त्या वाक्याचं उत्तर शोधावं लागलं, कारण ते मनातून जाईना. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असाध्य रोग ठरला असेल, वेदना आवरत नसतील, तर हा निर्णय प्रेमाचाच असतो आणि मी स्वतः तुम्हाला सांगेन. पण महिन्यातले पंचवीस दिवस जी कुत्री डोंगर चढते, तिचा आजार कोणता हेच माहीत नाही, तोवर हा प्रश्नच उभा राहत नाही. आम्हाला कळत नाही, एवढंच आज खरं आहे. त्यावर तिचा जीव घ्यायचा नाही. हे ऐकल्यावर मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

पाळलेल्या प्राण्याच्या आजारपणात माणसाचं असं होतं, हे काही कौतुकाचे लाड नाहीत. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या नियतकालिकात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी प्राणी असलेल्यांच्या तुलनेत आजारी प्राण्यांच्या पालकांत ताण, चिंता आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांवर जो भार मोजला जातो तोच त्यांनी इथे मोजला. "कुत्र्यासाठी एवढं?" असं कुणी विचारलं की मला या अभ्यासाचा आधार वाटतो.

बाबांची वही

दुसऱ्या झटक्यानंतरच बाबांनी एक लांबट वही घातली होती, आणि आधीच्या दोन्ही झटक्यांचे दिवस आठवून त्यात भरले होते. डाव्या बाजूला तारीख, मग खाणं, पाणी, शी, लघवी, उलटी, फिरायला किती गेली, आणि शेवटी 'इतर' असा रुंद रकाना. आठवड्याला वजन. डॉक्टरांकडून त्यांनी हिरड्या बघायला शिकून घेतलं : गुलाबी हव्यात, बोटानं दाबून सोडल्यावर पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत भरून यायला हवा. झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या खाली हवेत. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी मोजायलाही ते शिकले. सोबत फोनवर छोटे व्हिडिओ : ती थरथरते तेव्हाचा, ती पायरीपाशी थबकते तेव्हाचा. दवाखान्यात पोचल्यावर कुत्री घाबरून ताठ उभी राहतात आणि घरी दिसलेलं काहीच तिथं दिसत नाही. व्हिडिओ मात्र दिसतो.

वहीतला 'इतर' रकाना आजीमुळे भरला. ती दिवसभर घरात, तिचं लक्ष सगळीकडे. बाबा तिच्यापाशी बसून लिहायचे. "पुण्याचे पाहुणे आले होते, पोरं फार दंगा करत होती." "समोरच्यांच्या गच्चीत वेल्डिंग." "विसर्जन, ढोल." एके दिवशी आजी सहज म्हणाली, "अरे, हिला पोटाचं नाही बाधत. गलबला बाधतो. घरात काही झालं की दुसऱ्या दिवशी ही आडवी."

बाबांनी वही उलटी वाचली. प्रत्येक झटक्याच्या आधीच्या दोन दिवसांत 'इतर' रकान्यात काहीतरी होतं. जिथं काही नव्हतं, तिथं झटका नव्हता. आणि दुसरी गोष्ट मला दिसली : ती दर वेळी कशानं बरी झाली? आषाढात प्रतिजैविक दिलं नव्हतं, तरी बरी झाली. दिवाळीआधी डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण कोर्स झाला होता, तरी आजारी पडली. दर वेळी सारखं काय होतं, तर सलाईन, आणि जेव्हा गुण सर्वांत झपाट्यानं आला तेव्हा स्टेरॉइड. आम्ही सगळे तिच्या बरं होण्याला आधीच्या निदानाचा पुरावा समजत होतो. खरं विचारायला हवं होतं ते हे, की ज्या आजारात मिठाचं पाणी आणि स्टेरॉइड एवढ्यानं मेल्यासारखी कुत्री उठते, तो आजार कोणता?

वही डॉक्टरांनी ठेवून घेतली. पुढच्या भेटीत त्यांनी जुने रक्ताचे रिपोर्ट पुन्हा मांडले आणि एका जागी बोट ठेवलं. एवढ्या आजारी कुत्र्याच्या शरीरात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, भरपूर सुटतं आणि त्यानं रक्तातल्या लिम्फोसाइट व इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी कमी होतात. भिंगरी टेबलावर गलितगात्र पडलेली असताना घेतलेल्या रक्तातही या पेशी कमी नव्हत्या. जणू तिच्या शरीराला आपण संकटात आहोत याची खबरच लागली नव्हती. "एक शंका आहे," ते म्हणाले, "पण ती तपासायला अलीकडे स्टेरॉइड दिलेलं नको. आता कुणीही, काहीही झालं तरी, मला विचारल्याशिवाय स्टेरॉइड द्यायचं नाही. कानात घालायचं मलमसुद्धा नाही." थांबायचं ठरलं.

मार्गशीर्ष

थांबायला फार वेळ मिळाला नाही. कोल्हापूरला घरचं लग्न होतं, सगळ्यांनाच जाणं भाग होतं. भिंगरीला ओळखीच्या ठिकाणी कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या लोकांनी तिची उत्तम काळजी घेतली. पण अनोळखी जागा, शेजारी भुंकणारी कुत्री, घरचं कुणी नाही. आम्ही परतलो त्या संध्याकाळी तिला उभं राहता येत नव्हतं.

हिरड्या पांढुरक्या, पंजे गार. ठसा भरायला वेळ लागत होता. बाबांनी नाडी धरली आणि दोनदा मोजली : मिनिटाला ५६. सातारच्या डॉक्टरांना फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. शरीरातलं पाणी संपलेल्या, रक्तदाब पडलेल्या कुत्र्याचं हृदय धडधडायला हवं. ते मंद पडलं असेल तर पोटॅशियम चढलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यांनी दवाखाना उघडून शिरेत सुई घातली, सलाईन चालू केलं आणि आम्हाला पुण्याला जिथं सोडियम-पोटॅशियमसारखे रक्तातले क्षार लगेच मोजता येतील अशा दवाखान्यात पाठवलं. खंबाटकी ओलांडताना आई मागच्या सीटवर बाटली उंच धरून बसली होती.

तिथले आकडे : सोडियम १२६, पोटॅशियम ७.४. निरोगी कुत्र्यात सोडियम साधारण १४० ते १५५ आणि पोटॅशियम साडेतीन ते साडेपाच यांच्या दरम्यान असतं. एकाला दुसऱ्यानं भागलं तर उत्तर २७च्या वर यायला हवं. भिंगरीचं १७ आलं. या वेळी नमुना ताजा होता, पेशी फुटल्या नव्हत्या. हृदयाच्या आलेखातही पोटॅशियमच्या खुणा होत्या. हृदयाला सांभाळण्यासाठी कॅल्शियम, ग्लुकोज, भरपूर सलाईन, आणि कॉर्टिसॉलच्या मोजणीत लुडबुड न करणारं स्टेरॉइड म्हणून डेक्सामेथासोन. त्याच वेळी तपासणीही केली : आधी रक्त घ्यायचं, मग अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींना, म्हणजे कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथींना, चेतवणारं एसीटीएच संप्रेरक टोचायचं, तासाभरानं पुन्हा रक्त. ग्रंथी शाबूत असतील तर दुसऱ्या नमुन्यात कॉर्टिसॉल उसळी मारतं. भिंगरीचं दोन्ही वेळा १च्या खाली होतं. ग्रंथींनी हाकेला ओ दिलीच नाही.

ॲडिसनचा आजार. किडनीजवळ असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचं बाहेरचं आवरण नष्ट होत जातं, बहुतेक वेळा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यानं. त्या आवरणातून दोन महत्त्वाची संप्रेरकं येतात. अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. कॉर्टिसॉल ताण पेलायला लागतं. अल्डोस्टेरॉन नाही म्हणून मीठ लघवीतून वाहून जातं, मागोमाग पाणी जातं, किडनीला रक्त कमी पडतं आणि क्रिएटिनिन चढतं. म्हणून ते सलाईननं उतरत होतं. कॉर्टिसॉल नाही म्हणून ढोल, फटाके, पाहुणे, परकी जागा यांतलं काहीही तिला आडवं करत होतं. आजीनं ज्याला गलबला म्हटलं, ते अचूक होतं.

हा आजार तरुण ते मध्यमवयीन कुत्र्यांत, माद्यांत अधिक दिसतो. स्टँडर्ड पूडल, पोर्तुगीज वॉटर डॉग अशा काही जातींत तो जास्त, पण गावठी कुत्र्यालाही होतो. इतक्या रोगांचं सोंग घेतो म्हणून पशुवैद्यकात तो बहुरूपी म्हणून ओळखला जातो. उलटही घडतं : आतड्यातल्या चाबूककृमींमुळे सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण हुबेहूब असंच बिघडू शकतं. म्हणून नुसत्या क्षारांवर शिक्का मारत नाहीत. भिंगरीची शी तपासली होती, कृमी नव्हते. आणि काही कुत्र्यांत क्षार अगदी ठीक असतात, फक्त कॉर्टिसॉल नसतं. अशांची ओळख पटायला आणखी उशीर लागतो. सुरुवातीलाच साधं कॉर्टिसॉल मोजून ते डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर हा आजार जवळजवळ बाद करता येतो, ही गोष्ट वारंवार पोट बिघडणाऱ्या कुत्र्याच्या पालकांना ठाऊक असलेली बरी.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये माणसांतल्या या आजाराचं वर्णन केलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनाही तो होता. बाबांनी हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग हिला काय धाड भरलीय." आजाराचं नाव कळल्यापासून आजीनं दृष्ट काढणं बंद केलं. आम्ही कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

आता

भिंगरीला आयुष्यभर गोळ्या आहेत. अल्डोस्टेरॉनचं काम करणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन, माणसांचंच औषध, सकाळ-संध्याकाळ, आणि कॉर्टिसॉलऐवजी अगदी थोडं प्रेडनिसोलोन. अमेरिका-युरोपात महिन्याला एकदा टोचायचं औषध वापरतात, ते इथे सहज मिळत नाही. फ्लुड्रोकॉर्टिसोन साताऱ्यात प्रत्येक दुकानात नसतं, मागवून घ्यावं लागतं, म्हणून पुढच्या महिन्याच्या पट्ट्या आधीच घरात असतात. सुरुवातीला क्षार वरचेवर तपासले, आता अंतर वाढलं आहे. किडनीचं खाणं बंद झालं. दूधभाताबाबत आई आणि डॉक्टर यांच्यात तह झाला आहे, आठवड्यातून एकदा आणि थोडाच.

सर्वांत महत्त्वाचं वेळापत्रक सणांचं. निरोगी शरीर ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल वाढवतं, भिंगरीला ते आपण द्यावं लागतं. विसर्जन, दिवाळी, प्रवास, पाहुणे, लसीचा दिवस : डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन वाढवायचं आणि नंतर मूळ मात्रेवर यायचं. हा कागद बाबांनी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला आहे. खाली दोन ओळी : 'उलटीमुळे गोळी पडली तर वाट बघायची नाही, दवाखाना. गोळ्या अचानक कधीही बंद करायच्या नाहीत.' तिच्या पट्ट्याला आजाराचं नाव लिहिलेला बिल्ला आहे, हरवली तर सापडणाऱ्याला कळावं म्हणून.

ज्यांच्या घरी आज असा अनोळखी आजार आहे त्यांच्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण सगळ्यांना भिंगरीसारखं उत्तर मिळत नाही. तपासण्या महाग असतात, काही तपासण्या छोट्या गावात होत नाहीत, आणि कधीकधी सगळं करूनही नाव सापडत नाही. पैशाबद्दल डॉक्टरांशी संकोच न करता आधीच बोलावं. एवढे पैसे आहेत, यातून कोणत्या तपासणीनं उपचार बदलेल, असं विचारलं की चांगला डॉक्टर क्रम लावून देतो. ज्या तपासणीच्या उत्तरानं काहीच बदलणार नाही ती पुढे ढकलता येते. सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हा मोठा आधार आहे. आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक एकाच आवारात असतात, आणि न जुळणारी केस त्यांना नकोशी वाटत नाही. प्रत्येक रिपोर्टची मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी, 'नॉर्मल आहे' असं कळलेल्या रिपोर्टचीही. भिंगरीच्या बाबतीत जे नॉर्मल होतं, त्या पांढऱ्या पेशी, तेच बोलत होतं. आणि काही काळ लक्षणांवरच उपचार करावे लागले, उलटी थांबवणं, पाणी टिकवणं, वेदना कमी करणं, तर तेही पूर्ण उपचारच आहेत. नाव नसलेल्या आजारातही कुत्र्याला आराम देता येतो.

आमच्याकडचे काही प्रश्न उरले आहेत. प्रेडनिसोलोनमुळे भिंगरीला तहान फार लागते आणि पहाटे बाहेर न्यावं लागतं. मात्रा आणखी कमी करता येईल का, हे पुढच्या तपासणीत पाहायचं आहे. फ्लुड्रोकॉर्टिसोनची मात्रा वर्षागणिक थोडी वाढवावी लागते, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं आहे. आजारात उतरलेलं वजन भरून आलं आहे, आता ते १९ किलो आहे, आणि डॉक्टर म्हणतात याहून वाढू देऊ नका. आईला ते पटलेलं नाही.